भुजंगरावांनी ठेवलेली नाव

सावरदऱ्यात एखादी वस्तू कुणाला घरात नकोशी झाली, पण टाकूनही देववत नसली, की ती भुजंगराव शेजूळांच्या आवारात येऊन पडायची. गणेश मंडळाचे मंडपाचे पाइप, भजनी मंडळाचा फुटका पखवाज, ग्रामपंचायतीचं डासांवर धूर सोडायचं बंद पडलेलं यंत्र, एका पडलेल्या उमेदवाराचे हात जोडलेले लोखंडी फलक. हे सगळं ‘दोन दिवस राहू द्या, तात्या’ म्हणून आलेलं होतं. सावरदऱ्यात दोन दिवसांचं माप जरा सैल आहे. त्यातल्या काही वस्तू आल्या तेव्हा भुजंगरावांच्या मिशा काळ्या होत्या.

भुजंगराव साठीला टेकलेले, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. ‘न्हाई’ हा शब्द त्यांना माहीत होता, पण तो इतरांनी वापरायचा असतो अशी त्यांची समजूत होती. त्या शब्दाचा सगळा साठा घरात उषाबाईंकडं होता आणि तो त्या नवऱ्यावरच खर्च करायच्या. “घर हाये का एसटी स्टँड?” असं त्या दर सणाला आवार झाडताना विचारत. भुजंगराव पाइप उचलून झाडायला जागा करून देत.

गेल्या पावसाळ्यात, भाद्रपद सरता सरता, नदी गावात आली. पहाटे ओट्याला लागली आणि उजाडेपर्यंत नदीकडच्या गोठ्यात शिरली. गोठ्यात भुजंगरावांच्या दोन म्हशी होत्या. छातीएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी एकीचं दावं सोडलं. दुसरीचं सुटेना. भिजून गाठ फुगली होती, हातात विळा नव्हता आणि म्हैस तोंड वर करून नुसती त्यांच्याकडं बघत होती. उषाबाईंनी लुगड्याचा पदर खांबाला बांधून नवऱ्याला बखोटीला धरून मागं ओढलं, म्हणून निदान भुजंगराव तरी राहिले.

मदतीची नाव तालुक्याहून आली ती पाणी ओसरल्यावर. घोट्याएवढ्या पाण्यात ती तरंगेना, म्हणून गावातल्याच लोकांनी तिला ओढत वेशीपर्यंत आणलं. नावेतल्या माणसांनी ‘कुणी अडकलंय का?’ असं विचारलं. अडकलेली फक्त नाव होती. तिला काढून दिली.

वाचलेली म्हैस दिवसभर शेजारच्या मोकळ्या खुंट्याकडं तोंड करून हंबरायची. उषाबाईंनी तिला केदारखेड्याला भावाकडं पाठवून दिलं. भुजंगराव त्या दिवशी शेतातून लवकर आलेच नाहीत.

अशा रीतीनं सावरदऱ्यात एक चांगला पत्र्याचा गोठा रिकामा झाला. ही गोष्ट सरपंच कल्याणरावांच्या नजरेतून सुटली नाही. जनतेच्या अडचणी त्यांना दिसायला वेळ लागे, पण रिकामी जागा लगेच दिसे.

तुळशीचं लग्न झालं, नदी पुन्हा वाळूत जाऊन निजली, आणि तेव्हा सरकारला सावरदऱ्याची आठवण झाली. एका टेम्पोतून पांढरी-नारिंगी फायबरची कोरी नाव आली. सोबत दोन वल्ही, पोतंभर नारिंगी जाकिटं आणि एक इंग्रजी पुस्तिका. इंजिन मागून येणार होतं. ते अजून मागूनच येतं आहे. कल्याणरावांनी जाकीट चढवलं, कोरड्या वाळूत नाव ठेवून तीत उभे राहिले आणि दूर क्षितिजाकडं बोट दाखवून फोटो काढून घेतला. त्या दिशेला गावातल्याच साहेबरावाचं तुरीचं रान होतं. नाव कलंडू नये म्हणून दुसऱ्या टोकाला भुजंगराव धरून होते. फोटोत त्यांची चार बोटं आली.

मग प्रश्न पडला, नाव ठेवायची कुठं? ग्रामपंचायतीच्या दारातून ती आत जाईना. शाळेत पोरं फोडतील. देवळात देव आहे. असं म्हणत म्हणत सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

“तात्या, हिवाळ्यापुरतं,” कल्याणराव म्हणाले. “पाऊस आला की नदीवरच राहणार हाये ती.”

“राहू द्या मंग,” भुजंगराव म्हणाले.

नाव आवारात शिरताना उषाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“म्हस मेली तवा हिचा पत्ता न्हवता. आता आली मैयताला,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गावानं भुजंगरावांकडं नाव ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून भुजंगरावांनाच नावं ठेवायला सुरुवात केली. कुणी त्यांना ‘कप्तान’ म्हणे, कुणी ‘मुंबईला कधी निघता?’ विचारी. भुजंगराव हसून मान हलवत. त्यांना चिंता वेगळीच होती. आजवर आलेल्या वस्तू मोडक्या होत्या; त्यांचं आणखी काही बिघडणार नव्हतं. ही पहिलीच वस्तू धड आली होती. ती धड राहावी म्हणून काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी ती पुस्तिका घेऊन अंगणवाडीच्या वंदनाताईंना गाठलं. वंदनाताई ओट्यावर बसून वाचत गेल्या आणि मराठीत सांगत गेल्या. उषाबाई गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होत्या.

“हिवाळ्यात नावेवर बर्फ साठू देऊ नये,” वंदनाताई म्हणाल्या.

“फावडं हाये आपल्याकडं,” उषाबाई म्हणाल्या.

“आत पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि तळाला तडा जातो. काही शंका आली तर जवळच्या बंदरावर चौकशी करावी.”

“बंदरं लई हायेत इथं. एक तर सरपंच झालंय.”

भुजंगराव मात्र गंभीर होते. ‘नाव नीट झाकून घ्यावी’ एवढं कानावर पडताच ते उठले. पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. शेततळ्याला अंथरून उरलेला प्लास्टिकचा काळा कागद त्यांनी गोठ्यातून ओढून काढला, नाव त्यात आवळून गुंडाळली आणि सुतळीनं अशी करकचून बांधली की मुंगीला आत जायला वाट राहू नये. नाव ज्या गोठ्यात होती त्याची एक बाजू पुरात पडलेली, तिकडून दिवसभर ऊन नावेवर यायचं. भुजंगराव येता-जाता त्या गाठोड्याकडं समाधानानं बघायचे.

मार्गशीर्षात एक दिवस गोठ्याकडून आंबूस वास यायला लागला. भुजंगरावांनी सुतळी कापली. कागदाच्या आतून पाण्याचे थेंब टपटप पडत होते. नावेच्या बाकावर पांढरी बुरशी धरली होती, दोऱ्या कुजट झाल्या होत्या आणि तळात साचलेल्या पाण्यात एक बेडूक बसला होता. नाव तिच्या आयुष्यात कुणाच्या उपयोगी पडली असेल तर ती एवढ्या एका बेडकाच्या.

भुजंगराव खाली बसले. उषाबाई वास कुठून येतोय बघायला आल्या. काहीतरी टोचून बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून मिटलं. अलीकडं एकदाच तो असा दिसला होता.

“त्या पोरीला पुन्हा बोलवा,” त्या म्हणाल्या. “आन् ह्या बारीला शेवटपोत्तर ऐका.”

वंदनाताईंनी पुढचं पान वाचलं. ते खरं सावरदऱ्यासाठीच होतं. जिथं थंडी सौम्य असते तिथले लोक काही करायला नको म्हणून निर्धास्त राहतात आणि तिथंच नावा जास्त खराब होतात, असं त्यात होतं. दिवसा ऊन, रात्री दव. झाकण घट्ट असलं की आतल्या आत घाम धरतो. उन्हानं वरचा लेप पिठूळ होतो. उंदीर, गांधीलमाश्या घर करतात. म्हणून नाव गोड्या पाण्यानं धुवावी, पूर्ण वाळवावी, तळाचं बूच काढावं, जमिनीपासून उचलून पालथी ठेवावी आणि वारा खेळेल असं सैल पांघरूण घालावं.

“एवढंच व्हतं तर आधी का न्हाई सांगितलं?” भुजंगराव म्हणाले.

“काका, तुम्ही उठून गेल्ते.”

दुसऱ्या दिवशी भुजंगराव एसटीनं जुन्या जालन्यात गेले. बजरंगलाल शेठजींचं ताडपत्रीचं दुकान त्यांच्या जुन्या ओळखीचं. शेठजींच्या तीन पिढ्या त्याच गल्लीत. मराठी ते भुजंगरावांपेक्षा जोरात बोलत.

“बोला, काय झाकायचं? सोयाबीन का मका?”

“नाव.”

“नाव झाकून माल विकायचा? असले धंदे आपण करत न्हाई भाऊ.”

“तसं न्हवं वो. नाव. पाण्यात चालती ती.”

शेठजींनी चष्मा काढला. “भुजंगराव, आमच्या नळाला पाणी कधी येईल म्हणून आम्ही बादल्या मांडून बसलो. आन् तुमच्याकडं नावा चालून राह्यल्या?”

“चालून न्हाई राह्यली. पालथी ठिवायचीये.”

“बराबर,” शेठजी म्हणाले. “जालना जिल्ह्यात नाव पालथीच शोभते.” पण ताडपत्री त्यांनी निवडून दिली. काळी तापते म्हणून चंदेरी दिली. शिवाय धान्याच्या थप्पीखाली लाकडं घालतात तसं नावेखाली काहीतरी घाला, असंही सांगितलं, आणि ही ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितली.

भुजंगरावांनी ट्रॅक्टरचे जुने टायर मांडले. कुणी एकेकाळी दोन दिवसांसाठीच ठेवलेले होते. शेजारच्या चौघांना बोलावून नाव उचलली, हापशावर घासून धुतली, उन्हात वाळवली आणि सावलीत नेऊन टायरांवर पालथी घातली. गोठ्याच्या पडक्या बाजूला तुरीच्या काड्यांचा कूड उभा केला. ताडपत्री वरून सैल सोडली, खालून हातभर मोकळी ठेवली. रोज सकाळी ते आत वाकून हात फिरवून बघत: ओल आहे का, उंदराच्या लेंड्या आहेत का, गांधीलमाशीनं माती लावली आहे का. म्हशीला बघायचे तसंच.

गावाला एवढी मोठी वस्तू नुसती पालथी पडलेली बघवेना. जाकिटं आधीच वाटली गेली होती. पुराची वाट बघण्यापेक्षा ती थंडीत बरी पडतात असा शोध लागला होता. सरपंचांचा भाऊ रब्बीला पाणी द्यायला जाताना जाकीट घालून जाई, त्यामुळं हरभऱ्यात बुडायचं भय त्याला उरलं नव्हतं. सप्ताहाच्या काल्याला वांग्याची भाजी ढवळायला एक वल्हं नेलं, ते पिवळं होऊन परत आलं. दुसरं नेलं ते आलंच नाही. एका घरच्या लग्नात नाव उताणी करून तीत वऱ्हाडाला प्यायचं पाणी भरायचं ठरलं होतं. हुरड्याच्या पार्टीला आलेल्या शहरातल्या पाहुण्यांना तिच्यात बसून फोटो हवे होते.

वल्ही गेली तेव्हा भुजंगरावांनीच ती उचलून दिली होती. पाण्याच्या वेळी ते म्हणाले, “बघू.” पाहुण्यांच्या वेळी ते शेतात निघून गेले. पण साहेबराव आला तेव्हा पळायला वाट नव्हती. त्याचा कापूस वेचून अंगणात पडला होता, आभाळ भरून आलं होतं, आणि तो बैलगाडी घेऊन थेट गोठ्याशी आला. आल्या आल्या ताडपत्रीला हात घातला.

“तात्या, उताणी करा जल्दी. कापूस टाकतो तिच्यात. वरून हीच ताडपत्री.”

“कापूस ओला हाये.”

“थोडा हाये. मंग काय?”

“न्हाई,” भुजंगराव म्हणाले.

साहेबरावाला वाटलं आतून उषाबाई बोलल्या. त्यानं दाराकडं बघितलं. उषाबाईही दारात येऊन नवऱ्याकडंच बघत होत्या.

“न्हाई म्हंजे? सरकारची हाये ती, तुमच्या बापाची हाये का?”

“बापाची न्हाई. पर त्या दिशी ती असती तर...” भुजंगरावांनी ताडपत्रीची कड त्याच्या हातून सोडवून घेतली. “कापूस माझ्या घरात टाक. वसरी मोकळी करून देतो. नावंला हात लावू नको.”

कापूस ओसरीवर पडला. भुजंगराव आणि उषाबाई पुढं पंधरवडाभर स्वयंपाकघरात झोपले. साहेबरावानं गावभर सांगितलं की तात्याला नावेचं वेड लागलं. कल्याणरावांनी पारावर बसून ‘सार्वजनिक मालमत्तेवर वैयक्तिक कब्जा’ या विषयावर चिंता व्यक्त केली. चिंता व्यक्त करताना अंगात जाकीट होतं.

उषाबाई मात्र त्या दिवसापासून बदलल्या. बोलणं तसंच होतं. पण भुजंगराव शेतात गेले की त्या गोठ्यात जाऊन ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधून येत. महाशिवरात्रीनंतर ऊन तापायला लागलं, तेव्हा एका दुपारी भुजंगराव आले तर ताडपत्रीवर घरातली जुनी गोधडी पसरलेली होती.

“ही कुणी टाकली?”

“मला काय ठावं? बंदरावरून आली आसंल,” उषाबाई म्हणाल्या.

मे महिन्यात पावसाळापूर्व तयारी म्हणून तालुक्याचे साहेब नावा तपासायला निघाले. आसपासच्या गावांत त्यांना बरंच काही बघायला मिळालं. एकीकडं नाव गव्हाणीसारखी वापरत होते, बैल तीत तोंड घालून कडबा खात होते. दुसरीकडं ऊन खाऊन तिचा तळ पापडासारखा तडकला होता. तिसऱ्या गावात नाव मिळाल्याचंच कुणाला आठवेना. सावरदऱ्यात येईस्तोवर साहेबांना घाम फुटला होता. भुजंगरावांनी ताडपत्री काढली. नाव जशी आली तशीच कोरी. साहेबांनी तिच्यावर हात फिरवला आणि कल्याणरावांशी हस्तांदोलन केलं.

“सरपंच, आदर्श काम आहे हे तुमचं.”

“जनतेचा आशीर्वाद,” कल्याणराव म्हणाले.

नाव इतकी चांगली होती की ती गावात ठेवणं साहेबांना धोक्याचं वाटलं. मोठ्या साहेबांना दाखवायला हीच एक उरली होती. ‘दोन दिवसांत परत पाठवतो’ म्हणून त्याच दिवशी ती टेम्पोत घालून तालुक्याला नेली. भुजंगरावांनी बूच कागदात गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि ‘पालथी ठिवा, साहेब’ असं टेम्पोमागं चालत चालत सांगितलं. साहेब फोनवर होते.

पुढच्या बाजाराला भुजंगराव तालुक्याच्या कचेरीत डोकावले. आवारात जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी नाव उताणी पडली होती. आत लिंबाचा पाला, चहाचे कागदी कप आणि वळवाचं पाणी. त्यांनी आजूबाजूला बघितलं. कुणी विचारत नाही म्हटल्यावर पाणी उपसलं, पाला काढला, कडेचा एक टेकू लावून नाव तिरपी केली. त्यापुढच्या बाजाराला पुन्हा. कचेरीतल्या शिपायाला वाटलं, नवीन माणूस नेमला आहे. त्यानं भुजंगरावांना साहेबांची जीपही पुसायला सांगितली. भुजंगरावांनी पुसली.

हे उषाबाईंना कळलं तेव्हा त्या डोक्यावर पदर घेऊन बाजाराच्या एसटीत नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. कचेरीत साहेबांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

“साहेब, हे तुमचं माणूस हाये का माझं? तुमचं आसंल तर पगार द्या. माझं आसंल तर नाव द्या.”

साहेबांनी तो विषय वरच्या पातळीवरचा असल्याचं सांगितलं. पण आठवड्याभरातच वरची पातळी स्वतः गाडीतून तपासणीला येणार असल्याची बातमी आली आणि आवार मोकळं करायची धावपळ सुरू झाली. अडगळ कुठं टाकावी हा प्रश्न पडला, तेव्हा शिपायानं सुचवलं, आणि फोन आला.

“शेजूळ, ती नाव तुमच्याकडं ठेवता येईल का? दोन दिवस.”

भुजंगरावांनी बायकोकडं बघितलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अट घातली. “दोन दिवस न्हाई जमायचं. कायमची ठिवा. आन् दोन वल्ही पाठवा.”

साहेब घाईत होते. दोन्ही मान्य झालं.

श्रावणात नदीला पाणी आलं. पूर नव्हे, पण नळकांडी पूल बुडाला आणि पलीकडच्या शेतवस्तीवर एकटा राहणारा रखमाजी अडकला. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. पलीकडून ओरडून तो तेच सांगत होता. कल्याणरावांनी तालुक्याला फोन लावला. तालुक्यानं, तुमच्याकडं नाव आहे ना, असं विचारलं. तेव्हा सगळ्यांना ते आठवलं.

भुजंगराव गोळ्यांची पुडी खिशात घालून नावेत बसले. वल्हं कसं धरतात हे वंदनाताईंनी फोनवर बघून दाखवलं होतं. नावेला लांब दोर बांधून काठावर साहेबराव आणि चौघं धरून उभे राहिले. उषाबाई कुणाला न विचारता मागच्या बाकावर येऊन बसल्या.

“तू कशाला?”

“तुम्हाला बखोटीला धरायला. गपचिप वल्हवा.”

नाव निघाली. आधी ती आपल्याभोवती दोनदा गरगर फिरली, काठावर लोक हसले. मग तिरपी का होईना, पण पुढं सरकू लागली. तळात पाण्याचा थेंब नव्हता. भुजंगरावांनी एकदा वाकून हात फिरवून बघितला आणि पुन्हा वल्हं धरलं. नदीच्या मध्यावर उषाबाईंनी नावेची कड घट्ट धरली. पलीकडं चिखलात नाक रुतवून नाव थांबली.

रखमाजीनं गोळ्यांची पुडी घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि नावेत डोकावला.

“एवढी मोठी नाव घेऊन आले, तर तंबाखूची पुडी आणाय् काय झाल्तं?”

उषाबाईंनी तोंड उघडलं. पण भुजंगराव आधी बोलले.

“न्हाई आणली. आन् आणणारबी न्हाई,” ते म्हणाले, आणि वल्ह्यानं चिखल रेटून नाव मागं घेतली.